दाराबाहेरची धून

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता, आई स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती आणि मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर ‘टॅक्सी’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा एक भाग लावला होता. शीर्षकसंगीत सुरू झाले. इलेक्ट्रिक पियानोचे स्वर पागोळ्यांसारखे एकेक करून गळू लागले, त्यांच्यावर बासरीच्या जातीचे एक वाद्य स्वतःशीच काही पुटपुटावे तसे गाऊ लागले, आणि आतला गवारीचा टक् टक् आवाज थांबला. “कोण गं गेलं?” आईने तिथूनच विचारले. कोणी गेलेले नाही, ही विनोदी मालिका आहे, असे मी सांगितले तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहून पाहू लागली. पडद्यावर एक पिवळी टॅक्सी लोखंडी पुलावरून चालली होती, बाजूचे खांब मागे पडत होते. “विनोदी आहे तर एवढं रडतंय कशाला?” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि हा पूल केवढा लांब आहे गं? संपतच नाही.” एवढे बोलून ती पुन्हा गवारीकडे गेली.

मालिका मी पाहिली, पण तिचे ते दोन प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईनात.

पहिल्या प्रश्नाचा उगम मला ठाऊक होता. आईच्या पिढीच्या कानांना दूरदर्शनने लावलेली ती सवय आहे. १९८४ च्या ऑक्टोबरअखेरीस इंदिरा गांधींची हत्या झाली, तेव्हा आम्ही गिरगावातल्या एका चाळीत राहत होतो आणि मजल्यावर एकच टीव्ही होता, शेजारच्या काकूंकडे. त्या दिवसांत त्या टीव्हीतून आणि प्रत्येक घरातल्या रेडिओतून शोकसंगीत वाहत होते, शब्दांवाचून आणि घाईवाचून. आम्हा मुलांना त्यातले राजकारण कळत नव्हते, पण संथ लयीतले नुसते वाद्य वाजू लागले की कुणीतरी मोठे माणूस गेले असे समजायचे, एवढे आम्ही पक्के शिकलो. गंमत अशी की, त्याच वर्षी, त्याच टीव्हीवर, ‘ये जो है ज़िन्दगी’ ही विनोदी मालिका सुरू झाली होती. तिचे शीर्षकगीत किशोर कुमारने गायले होते. ज्या गळ्यातून धमाल यॉडलिंग निघायचे त्याच गळ्यातून जिवाला घोर लावणारी गाणीही निघायची, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होते! आम्हाला तो आवाज म्हणजे निव्वळ इशारा होता. पहिली ओळ ऐकू आली की गॅलरीतून “लागलं, लागलं!” अशी आरोळी उठायची, काकूंच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा आणि या आठवड्यात सतीश शाह कोणत्या सोंगात येणार यावर पैजा लागायच्या, कारण प्रत्येक भागात तो निराळाच कोणी असे.

त्या मालिकेतला एकही विनोद आज मला धड सांगता येणार नाही. आठवते ते वेगळेच. एकदा मला ऐन वेळी दळण आणायला पाठवले होते. गिरणीत रांग होती, लाइट मध्येच गेली होती, आणि पिठाचा डबा घेऊन मी चाळीच्या जिन्याशी आले तेव्हा गाणे सुरू झाले. तळमजल्यावरच्या एका घरातून आले, मग वरून कुठून तरी आले, समोरच्या इमारतीच्या दोन-तीन खिडक्यांतून आले. किशोर कुमार चहूकडून गात होता आणि मी जिन्याच्या पहिल्या वळणावर, अंधारात, पोटाशी तो डबा धरून उभी होते. नुकते दळलेले पीठ ऊन होते. त्याची ऊब पत्र्यातून फ्रॉकमध्ये उतरत होती, आणि नाकात गिरणीचा तो जळकट गोड वास होता. धावत गेले असते तर दोन मिनिटांत पोहोचले असते. पण मी धावले नाही. सगळे आत आहेत, आता हसणार आहेत आणि मी अजून आत नाही, या भावनेत एक विचित्र, जवळजवळ चवीने घ्यावे असे दुःख होते. गाणे संपले, आतून पहिल्या हशाचा आवाज आला, आणि मग मात्र मी धूम ठोकली.

‘टॅक्सी’च्या त्या धुनेची कहाणी मला नंतर कळली आणि आईचा कान किती तिखट आहे याची खात्री पटली. मालिका १९७८ ते १९८३ या काळातली, न्यूयॉर्कमधल्या एका टॅक्सी गॅरेजमधल्या ड्रायव्हरांची. संगीतकार बॉब जेम्स यांनी शीर्षकासाठी आधी एक निराळी, उसळती रचना केली होती. मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या एका भागात ॲलेक्स नावाचा मुख्य ड्रायव्हर फोनवरच्या आवाजावर भाळून एका बाईला भेटायला जातो. आवाज गोड, पण समोर येते ती लठ्ठ, कडवट, लोकांनी नाकारण्याआधी आपणच लोकांना तोडून टाकणारी अँजेला. तिच्यासाठी जेम्स यांनी एक उदास सुरावट रचली होती. निर्मात्यांना ती इतकी आवडली की ठरलेले शीर्षकसंगीत बाजूला पडले आणि एका एकट्या बाईची ही धून साऱ्या मालिकेच्या कपाळी लागली. आजही त्या रचनेचे नाव ‘अँजेला’ असेच आहे. ती बाई एका भागात आली, फार तर पुन्हा एकदा डोकावली असेल. धून मात्र पाच वर्षे दर आठवड्याला वाजत राहिली. त्या गॅरेजमधल्या बहुतेकांना टॅक्सी चालवायचीच नसते. एकाला नट व्हायचे असते, एकाला मुष्टियोद्धा. हे काम सगळ्यांच्या लेखी तात्पुरते असते. पहिल्याच भागात ॲलेक्स सांगतो की इथे टॅक्सी ड्रायव्हर म्हणता येईल असा मी एकटाच आहे. त्यावर लोक हसतात. मीही हसले होते.

आणि आईच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. तो न्यूयॉर्कमधला क्वीन्सबरो पूल. टॅक्सीचे ते दृश्य खरे तर दोन प्रसंगांच्या मध्ये वापरायला म्हणून चित्रित केले होते आणि होते जेमतेम पंधरा सेकंदांचे. शीर्षकाला ते पुरेना, म्हणून त्याचेच तुकडे पुन्हा पुन्हा जोडून लांबवले. म्हणजे टॅक्सी तेच खांब पुन्हा ओलांडते, पुलाच्या त्याच भागातून पुन्हा जाते, आणि पलीकडच्या टोकाला पोहोचलेली आपल्याला कधीच दिसत नाही. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांतून जे निसटले असेल ते गवार मोडता मोडता उठून आलेल्या बाईने एका नजरेत पकडले.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. विनोदी मालिका कोणतीही असो, शीर्षकात कॅमेरा कुठे उभा आहे हे मी पाहते. या मालिका मुळात घरकोंबड्या असतात. एक दिवाणखाना, एक सोफा, एक जिना, फार तर एखादे ऑफिस किंवा गॅरेज. तीन भिंतींचा सेट आणि चौथ्या भिंतीच्या जागी हसणारे प्रेक्षक. बाहेरची हवा तिथे लागत नाही. शीर्षक मात्र बाहेर घडते. टॅक्सी पुलावर असते. ‘मेरी टायलर मूर शो’ची मेरी मिनियापोलिसच्या थंडीत भर रस्त्यात उभी राहून टोपी हवेत उडवते. ‘मॅश’ या कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयाच्या मालिकेत डोंगरांवरून हेलिकॉप्टरे येतात. ‘चिअर्स’मध्ये बॉस्टनच्या त्या बारचा दर्शनी भाग आधी बाहेरून दिसतो, मगच जुनी छायाचित्रे सुरू होतात. ‘फ्रेंड्स’वाल्यांनी तर कहर केला आहे, रात्रीच्या वेळी कारंज्याशेजारी घरातला सोफा आणि दिवाच आणून ठेवला आहे, जणू घर सोबत घेतल्याशिवाय त्यांना बाहेर पडवत नाही. वर टाळ्यांचा तो ठेका, आणि त्याखाली शब्द असे की नोकरीत राम नाही, खिसा रिकामा, प्रेमाची गाडीही सुरू होत नाही. नाचता नाचता किती जणांनी ते शब्द ऐकले असतील कोण जाणे.

मला वाटते, या धुनांमधली उदासी पात्रांची नसतेच. ती उंबऱ्याबाहेरच्या माणसाची असते, दिवसभर खपून अजून घरी न पोहोचलेल्या माणसाची. आत गेल्यावर बावीस-पंचवीस मिनिटे हसायचे आहे हे ठरलेले असते, आणि बाहेर असताना जे वाटत होते ते आत नेता येत नाही. मग ते कुठे ठेवायचे? दाराशी, चपलांजवळ. ‘चिअर्स’चे १९८२ चे गाणे याबाबतीत फार प्रामाणिक आहे. सगळे तुम्हाला नावाने ओळखतात अशा जागेबद्दलचे गाणे म्हणून ते जगभर गुणगुणले जाते. पण सुरुवात होते ती जगात टिकून राहण्यासाठी माणसाला किती दमावे लागते इथून. त्यातला तो उबदार समूहस्वर, जो ऐकून आपल्याला वाटते की दहा-बारा मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात आहेत, तो प्रत्यक्षात गॅरी पोर्टनॉय या एकाच माणसाचा आवाज आहे, पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवलेला. हे कळल्यावर मला ते गाणे अधिक आवडू लागले की थोडे भीतीदायक वाटू लागले, हे अजून ठरवता आलेले नाही.

‘मॅश’चे प्रकरण याहून विलक्षण आहे. १९७० च्या मूळ चित्रपटात एका लुटुपुटीच्या अंत्ययात्रेसाठी दिग्दर्शक रॉबर्ट अल्टमन यांना जितके बावळट असू शकेल तितके बावळट गाणे हवे होते. त्यांना स्वतःला तसे लिहिणे जमेना, म्हणून ते काम त्यांनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाकडे दिले. विषय होता आत्महत्या. मुलाने शब्द लिहिले, जॉनी मॅन्डेल यांनी चाल लावली, आणि बावळट व्हायचे ते गाणे भलतेच हळवे होऊन बसले. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर मालिका आली तेव्हा शब्द गाळून नुसती चाल ठेवली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आल्यावर मी ती पहिल्यांदा ऐकली, तेव्हा या मागच्या कथेचा मला गंध नव्हता. हेलिकॉप्टर, त्याच्या बाजूला बांधलेले जखमी, धावत निघालेल्या परिचारिका आणि गिटारची ती थकलेली चाल, एवढेच समोर होते. तरी काहीतरी बोलायचे राहून गेले आहे असे वाटत राही. शब्द काढून टाकले की त्यांची जागा रिकामी राहते आणि ती जागा ऐकू येते. या मालिकेला वाहिनीच्या आग्रहाखातर कृत्रिम हशा जोडावा लागला होता. पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो वाजणार नाही, एवढे निर्मात्यांनी पदरात पाडून घेतले. म्हणजे हसण्यालाही तिथे एक दार होते, आणि त्या दाराबाहेर थांबायचे होते. कोरियाचे युद्ध तीन वर्षे चालले, मालिका अकरा हंगाम चालली. दर आठवड्याला तेच जखमी त्याच चालीवर उतरत राहिले.

मेरीच्या गाण्यातला बदल मात्र मला आजही खुपतो. १९७० मध्ये पहिल्या हंगामात ते गाणे तिला विचारत असे की बाई, तू एकटी कशी निभावणार? आणि शेवटी म्हणे की कदाचित जमेलही तुला. तो ‘कदाचित’ फार मोलाचा होता. प्रियकराशी नाते तुटलेली, तिशीची, अनोळखी शहरात नोकरी शोधायला निघालेली मुलगी, आणि तिला धीर देणाऱ्यालाही खात्री नाही. दुसऱ्या हंगामात मेरी स्थिरावली, मालिका गाजली, आणि गायक-गीतकार सॉनी कर्टिस यांनी शब्द बदलले; आता तिच्या हसण्याने जग उजळते आणि तिला जमणार यात शंका उरत नाही. कथेच्या दृष्टीने हे योग्यच होते, हे मी मान्य करते. तरी यशस्वी माणसाला दिलेला धीर ऐकताना माझे मन लागत नाही. शब्द बदलले तरी एक गोष्ट तिथे टिकून राहिली. मेरी टोपी उडवते तेव्हा तिच्या मागे डोक्याला रुमाल बांधलेली एक वयस्कर बाई दिसते. ती नटी नव्हती, रस्त्याने चाललेली होती, आणि भररस्त्यात एक बाई टोपी का भिरकावते आहे हे न कळून ती कपाळाला आठ्या घालून पाहते. तो चेहरा पाहिल्याशिवाय मला ते शीर्षक पुरे झाल्यासारखे वाटत नाही. तिला या गाण्यातले काहीच ऐकू येत नव्हते.

सगळ्याच मालिका अशा असतात असे नाही. ‘साइनफेल्ड’मध्ये उदासीचा लवलेश नाही, जोनाथन वुल्फ यांनी कीबोर्डवर वाजवलेला तो बेसचा चटकदार ठेका आणि तोंडाने काढलेले टॉक-टॉक आवाज, मालिकेचा विनोदवीर नायक जेरी याच्या बोलण्याच्या लयीप्रमाणे दर भागात नव्याने बसवलेले. पण पात्रांनी गळ्यात पडायचे नाही आणि काही शिकायचेही नाही, असा तिथे लेखकांचा दंडकच होता, आणि सुरुवातीच्या हंगामांत मालिका उघडायची तीच मुळी तो विनोद सांगतो त्या क्लबच्या आत, रंगमंचावर. बाहेर कोणी उभेच नाही, तर गाणार कोण?

आपल्याकडे हे सगळे परके वाटू नये. १९९३ मध्ये ‘देख भाई देख’ आली. दिवाण नावाचे तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब, दिवसभर गोंधळ, आणि शीर्षकगीताची सुरुवात काय, तर ‘इस रंग बदलती दुनिया में क्या तेरा है क्या मेरा है’. चाल नाचरी, शब्द थेट निर्गुणी भजनातले. कॉलेजच्या वयात आम्ही ते बाकावर ताल धरून म्हणत असू आणि त्यातला वैराग्याचा खडा कुणाच्याच दाताखाली येत नसे. पण ज्या मातीत भारूड पिकले तिथे याचे नवल का वाटावे? ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे लहानपणी गणेशोत्सवात ऐकताना आम्ही लोटपोट हसत असू. सासरा गावाला गेला तो तिकडेच खपू दे, सासू जाच करते तिला लवकर ने, असे एकेका माणसाला देवीच्या हवाली करत ती सून शेवटी येते ती ‘एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला’ या ओळीवर. लोक हसत असतानाच ती ओळ येते. एकनाथांनी तो एकलेपणा हशाच्या शेवटी ठेवला, टीव्हीवाल्यांनी सुरुवातीला ठेवला. नाथांची जागा मला अधिक धाडसाची वाटते. पण लोक उठून जाण्याआधी शेवटची ओळ गाठण्याची ताकद प्रत्येकात नसते.

आता तर सुरुवातही राहिलेली नाही. २०१७ पासून नेटफ्लिक्सने शीर्षक गाळण्याचे बटण दिले आणि इतरांनीही तेच केले. लागोपाठ चार भाग पाहताना मीही ते दाबते. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. सलग पाहणारा माणूस आतच असतो, त्याला पुन्हा पुन्हा दाराबाहेर नेऊन उभे करण्यात काय अर्थ आहे? फक्त अलीकडे तसे चार भाग पाहून उठले की कुठूनही न येता कुठे तरी जाऊन आल्यासारखे वाटते.

हे सगळे डोक्यात घोळत असताना मी एकदा आईला सहज विचारले की ‘ये जो है ज़िन्दगी’मधले तिला काय आठवते. ती म्हणाली, “मी कुठे बघितलीय? तुझे बाबा यायचे ना त्या वेळेला.” बाबा छापखान्यात दुसऱ्या पाळीला असत. मला हे माहीत होते आणि तरी कधी जोडून पाहिले नव्हते. आम्ही काकूंकडे दाटीवाटीने बसून हसत असताना ते हातावरची शाई रॉकेलने काढून, मग साबणाने धुऊन, गॅलरीतल्या उजेडात पाटावर जेवायला बसत आणि आई त्यांना वाढत असे. भिंत एकच होती मध्ये. त्यांना गाणे ऐकू येत असे, मग आमचा हशा, मग पुन्हा हशा. कशाला हसतो आहोत ते कळत नसे. “गाणं मात्र येतं मला सगळं,” आई म्हणाली, आणि खरेच तिने ते मुखडा-अंतऱ्यासह म्हणून दाखवले, एक-दोन हिंदी शब्द आपल्या सोयीने बदलून. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली.

हल्ली दिवेलागणीनंतर कधीकधी ती येऊन बाजूच्या खुर्चीवर बसते आणि म्हणते, “ती पुलाची लाव.” मी लावते. पिवळी टॅक्सी निघते, खांब मागे पडू लागतात, आई मांडीवरच्या बोटांनी अगदी हलका ठेका धरते. मग गॅरेज दिसते, कुणीतरी काहीतरी बोलते, लोकांचा पहिला हशा होतो, आणि आई गुडघ्यावर हात टेकून उठते. “चला,” ती म्हणते, “कुकर लावायचाय.”